नईमभाई, जुनं पान बंद केलं

नईमभाई,

काल दुपारी जेवण झाल्यावर मी ते बंद केलं. जुन्या ब्राउझरवर आपली साइट चालू ठेवायची की नाही, यावरून आपण इतकी वर्षं भांडलो, आणि काल मी एकटीने बसून ते बंद केलं. परवानगीचं काय ते पुढे सांगते. तुम्ही गेल्याला चाळीस दिवसही झाले नाहीत, चाळिसावा अजून व्हायचा आहे आणि शबानाभाभी म्हणतात, इतक्यात दुकानाचं काही बोलू नये. मी दुकानाचं बोलत नाहीये. आपलं भांडण अर्धं राहिलं होतं, तेवढंच बोलते. अर्ध्यातून उठून जायची तुमची सवय जुनीच. चहा सांगून येतो म्हणून उठायचात आणि परत येताना कुठला तरी दुसराच विषय घेऊन यायचात. या वेळी मात्र विषय बदलू देणार नाही.

हे दुसऱ्या कोणाच्या वाचनात आलं तर त्याला कळावं म्हणून थोडं मागचं सांगते, तुम्ही तेवढा वेळ गप्प बसा. अकोल्यात मोर्णा नदीपलीकडे, जुन्या शहरात, तुमचं कोऱ्या लग्नपत्रिकांचं ठोक दुकान. वऱ्हाडातले लहान लहान प्रेसवाले तुमच्याकडून कोऱ्या पत्रिका न्यायचे आणि आपापल्या गावात त्यांवर नवरानवरीची नावं छापायचे. त्यासाठी त्यांना एसटीने अकोल्याला यावं लागे, नमुन्यांचे जाडजूड अल्बम चाळावे लागत. मी अमरावतीत लोकांना वेबसाइट करून द्यायचे. एक दिवस तुम्ही ते अल्बम कापडी पिशवीत कोंबून माझ्याकडे आलात, टेबलावर आदळलेत आणि म्हणालात, “बाई, हे सगळं त्या डब्यात टाकून द्या. माह्या लोकायच्या चकरा वाचल्या पाह्यजे.” त्यातून साइट झाली. प्रेसवाला आपल्या गावात बसून नमुने पाहणार, नंबर सांगणार आणि पार्सल त्याच्या गावी जाणार. पुढे धंदाच दोघांचा झाला. पत्रिका तुमच्या आणि पान माझं, असं आपण वाटून घेतलं होतं, तरी तुम्ही माझ्या पानात रोज लुडबुड करायचात.

भांडणाचं मूळ होतं ब्राउझर. ज्यातून इंटरनेटची पानं उघडतात ते. आता फोनमध्ये तो असतो याचा कोणाला पत्ताही नसतो. पण आपल्या प्रेसवाल्यांच्या पिवळ्या पडलेल्या मॉनिटरवर एक निळा ई असायचा, त्यावर दोनदा टिचकी मारली की झालं इंटरनेट सुरू. बनवणाऱ्यांनीच त्याला कधीचा रामराम ठोकला होता. नवे ब्राउझर आले, पानं लिहायच्या पद्धती बदलल्या. मला मात्र एक पान लिहायचं तर दोनदा लिहावं लागे, एकदा सगळ्या जगासाठी आणि एकदा निळ्या ई साठी, आणि या दुसऱ्याचेच नखरे जास्त. माझ्या धंद्यातले सगळे लोक त्यातून मोकळे झाले होते. एक पाटी लावायची, की आता आम्ही जुने ब्राउझर सांभाळणार नाही, आणि हात झटकायचे. मीही म्हटलं, आपणही तेच करू.

“कावून?” तुम्ही विचारलंत.

“जुनं झालंय म्हणून. त्यांना म्हणा, नवीन कॉम्प्युटर घ्या.”

“नवीन घेतला तर त्याले डोंगल कुठी लावतीन?”

मला तेव्हा डोंगलचं ठाऊक नव्हतं असं नाही, पण तुम्ही मला मूर्तिजापूरच्या एका प्रेसमध्ये नेऊन ते हातात दिलंत. प्रेसवाल्यांनी फार वर्षांपूर्वी मराठी मॅटर जुळवायचं सॉफ्टवेअर विकत घेतलं, त्याच्याबरोबर एक ठोकळा आला. तो मशीनच्या मागच्या रुंद पोर्टला लावला तरच सॉफ्टवेअर चालणार. नव्या मशीनला तसलं पोर्टच नसतं. त्यांचे अक्षरांचे वळणदार साचे, सगळ्या गावाच्या लग्नांची जुळवून ठेवलेली मॅटरं, सगळं त्या ठोकळ्याच्या भरवशावर. म्हणून ते जुनी मशीन सोडत नव्हते. हे मी मान्य केलं. मॅटर जुन्या मशीनवर जुळवा आणि साइट फोनवर पाहा, हे माझं म्हणणं मात्र तुम्ही कधी मान्य केलं नाहीत. “पत्रिका पाह्यले एकटा मानूस येते काय?” तुम्ही म्हणायचात. “मामा येते, आत्या येते, नवरदेवाची भाची येते. पाच जन मांगं उभे राह्यतात. फोनमंदी कोनाले दिसन?” खोटं कशाला बोलू, माझ्या नणंदेच्या लग्नाची पत्रिका पाहताना आम्ही नऊ जण उभे होतो आणि तरी रंग पसंत पडला नव्हता.

मग तुम्ही सासूबाई आणल्यात. दुकानाच्या मागच्या खोलीत, पत्रिकांच्या गठ्ठ्यांमध्ये जागा करून, एक जुनी मशीन मांडलीत. तिच्यावर भाभींनी विणलेलं झाकण. नाव सासूबाई, कारण तिला पसंत पडलं तरच गोष्ट घरात येणार. मी साइटवर काहीही नवीन केलं की तुमचा फोन ठरलेला, “सासूबाईले दाखवलं काय?” सासूबाईंनी नाक मुरडलं की माझे दोन दिवस गेलेच. आमच्या ऑफिसात तो शब्द इतका रुळला की नवी लागलेली एक मुलगी आठवडाभर समजत होती, माझ्या खऱ्या सासूबाईच सगळं काम तपासतात. घरी आली तेव्हा तिने त्यांना वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, तुमच्यामुळे खूप शिकायला मिळालं. माझ्या सासूबाईंनी चौकशी न करता आशीर्वाद देऊन टाकला. हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही दुकानातल्या स्टुलावरून पडता पडता वाचला होतात.

आणि दर्यापूर. दर्यापूरचं मी विसरणार नाही आणि तुम्हीही विसरू द्यायचा नाहीत. घाईत होते म्हणून एकदाच, एकदाच फक्त, मी सासूबाईंना न दाखवता नवं पान सोडलं. निळ्या ई वर सगळी चित्रं एक घर खाली सरकली आणि नंबर जागच्या जागी राहिले. दर्यापूरच्या प्रेसवाल्याने लग्नाची म्हणून जी पत्रिका मागवली ती निघाली वास्तुशांतीची. वरती कौलारू घर, दाराला तोरण, बाजूला तुळस. त्यालाही घाई होती. पार्सल आलं तसं त्याने नावं छापली आणि गठ्ठा मुलीच्या बापाकडे पोचता केला. तिथे कोणाच्या तरी लक्षात आलं.

तुम्ही मला गाडीत घालून दर्यापूरला नेलंत. मागे नव्या पत्रिकांचा गठ्ठा. मी वाटभर कारणं जुळवत होते. मुलीचा बाप अंगणात खाटेवर बसला होता. त्याने पत्रिका सुलटी पाहिली, उलटी पाहिली आणि म्हणाला, “चुकलं काय याच्यात? पोरगी घरच मांडून राहिली ना?” तुम्ही नवा गठ्ठा पुढे केलात. त्याने हात लावला नाही. फक्त म्हणाला, “पन घरावर कवेलू कावून दाखवले? जावयाचं घर स्लॅबचं हाये.” त्याच लग्नाला आपल्याला आवतण आलं. तुम्ही भाभींना घेऊन आलात, मी आमच्या ह्यांना. वांग्याची भाजी, पोळी, बुंदी, आणि तुम्ही पंगतीत शेजारच्या माणसाला आपल्या साइटचा पत्ता समजावून सांगत होतात. परत येताना चूक निळ्या ई ची की माझी, यावर जे भांडण सुरू झालं ते अजून संपलेलं नाही. चूक निळ्या ई ची होती, नईमभाई. आता तुम्ही बोलू शकत नाही तर हे एकदा ठाम सांगून घेते.

तुम्ही खरे रागावलात की उर्दूत जायचात. तोपर्यंत सगळं हसतखेळत. “अरे बाई, फिर वो लोग कां जाएंगे?” असं ऐकू आलं की मी समजायचे, आता जेवणाची वेळ झाली. भाभी अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकर पाठवायच्या. जेवताना तुम्ही मला उर्दू पत्रिका वाचायला शिकवायचात, उजवीकडून डावीकडे बोट फिरवत, आणि भाकरीचे कण त्या नमुन्यावर सांडायचे. निकाहच्या पत्रिकेचं मॅटर मी पहिल्यांदा स्क्रीनवर नीट बसवलं तेव्हा तुम्ही ते दाखवायला भाभींना घरातून बोलावून आणलंत. त्या म्हणाल्या, सुंदर आहे, पण नवरीच्या बापाचं नाव बारीक वाटतं. आपण दोघांनी मोठं केलं. इतकी चांगली वर्षं मला त्या दुकानात मिळाली आणि मी त्याबद्दल कधी आभार मानले नाहीत, कारण आपल्याकडे तशी पद्धत नाही. आता मानते. तुम्ही अवघडून इकडेतिकडे पाहाल, तरी मानते.

पण एक गोष्ट तुम्ही कधीच केली नाहीत. “तुमचं बरोबर आहे” असं मला कधी म्हणाला नाहीत. म्हणजे मी बरोबर असायचे तेव्हासुद्धा. निळ्या ई मधून एका प्रेसवाल्याच्या मशीनमध्ये व्हायरसची घाण शिरली, त्याच्या नावाने भलतेसलते मेल सगळ्या गिऱ्हाइकांना गेले, तेव्हा मी तुम्हाला म्हटलं, पाहा, हेच सांगत होते, जुनं चालू ठेवणं म्हणजे नुसती माया नाही, त्यात धोका आहे. तुम्ही शांतपणे ऐकलंत आणि म्हणालात, “पाहू.” तुमचं सगळ्यात मोठं कबूल करणं म्हणजे हे “पाहू”. त्यावर मला समाधान मानावं लागे, आणि मी कधी मानलं नाही.

पाटीचं तेच. दोनेक वर्षांपूर्वी तुम्ही कसेबसे पाटी लावायला तयार झालात. मी लिहिलं, ‘आपला ब्राउझर कालबाह्य झाला आहे. कृपया तो अद्ययावत करावा.’ तुम्ही चष्मा कपाळावर चढवून वाचलंत.

“हे काय लिवलं? तेरवीची पत्रिका वाटून राहिली.”

“मग तुम्ही सांगा.”

तुम्ही सांगितलंत आणि मी टाइप केलं. ‘नमस्कार, सलाम. तुमची मशीन जुनी झाली, त्यात तुमचा काही गुन्हा नाही. थोड्या दिवसांनी हे पान तिच्यावर दिसणार नाही. फोन करा. आम्ही येतो.’

मला सगळं पसंत होतं, शेवटचे दोन शब्द सोडून. कोण येतो? वरुडपासून वाशीमपर्यंत कोण फिरणार? तुम्ही म्हणालात, मी जाईन ना. मी तुमच्या गुडघ्याची आठवण दिली. तुम्ही म्हणालात, ते दोन शब्द नसतील तर पाटी नको, नुसतं हाकलून दिल्यासारखं दिसेल. मी म्हटलं, असतील तर पाटी खोटी. शेवटी पाटी लागलीच नाही. ती माझ्या मशीनवर तशीच पडून राहिली.

दरम्यान लोक आपापले बदलत गेले. नव्या मशीन आल्या, काहींनी जुन्यावर मॅटर आणि शेजारी नवी असं केलं, काही प्रेस बंद पडले. त्यांच्या मुलांनी मोबाइलचं दुकान काढलं. साइटवर कोण कुठल्या ब्राउझरने येतं याची नोंद माझ्याकडे असते. त्यात निळा ई आटत आटत गेला. मग आपला सर्व्हर सांभाळणाऱ्या कंपनीने कळवलं की जुन्या पद्धतीचं कुलूप ते आता ठेवणार नाहीत. साइटच्या पत्त्यापुढे जे कुलूप दिसतं, ते नव्या तऱ्हेचं नसेल तर पान उघडणारच नाही, आणि निळ्या ई ला नवं कुलूप उघडता येत नाही. म्हणजे आपण बंद केलं काय नि नाही केलं काय, महिनाअखेरीला ते बंद होणारच. मी ते पत्र घेऊन तुमच्याकडे आले. आपली ती शेवटची भेट होती, पण ती शेवटची आहे हे दोघांनाही ठाऊक नव्हतं आणि ते बरंच झालं, नाहीतर आपण गोड बोललो असतो.

“एकच माणूस उरलाय,” मी सांगितलं. “सकाळी येतो, संध्याकाळी येतो. नमुने पाहतो, काही मागवत नाही, नाव टाकत नाही, निघून जातो. कोण आहे हा?”

“असंन कोनी.”

“एका माणसासाठी मी सगळं दोनदा लिहू?”

“एक मानूस मानूस नसते काय?”

आणि तुम्ही चहा सांगायला उठलात. परत आलात ते म्हणत, पुढच्या हप्त्यात बसू, अंबाडीची भाजी घरी सांगून ठेवतो. पुढच्या हप्त्याआधी भाभींचा फोन आला.

खरं सांगू, माझा तुमच्यावरच संशय होता. मला वाटायचं, हा माणूस स्वतःच सकाळ-संध्याकाळ सासूबाईंचं झाकण काढतो आणि पान उघडतो, आपली बाजू पडू नये म्हणून. तुम्हाला हरायला आवडत नसे, आणि असला उद्योग तुम्हाला शोभला असता. तुम्हाला मातीत ठेवून सगळे परत आले तेव्हा मी भाभींजवळ बसले होते. अमरावतीला आले, दुसऱ्या दिवशी चहा घ्यायच्या आधी नोंद उघडली. ती रिकामी असणार याची मला खात्री होती. रिकामी दिसली की तुम्ही सापडलात म्हणून हसायचं आणि मग मनसोक्त रडायचं, असं मी ठरवूनच बसले होते.

नोंद होती. सकाळची. संध्याकाळी पाहिलं तर संध्याकाळचीही. भाभींना फोन करून विचारलं, मागच्या खोलीत कोणी मशीन लावली होती का? त्या म्हणाल्या, दुकानाला कुलूप आहे. म्हणजे माणूस खराच होता. कुठेतरी बसून तो रोज आपल्या पत्रिका पाहत होता आणि महिनाअखेरीला त्याच्यासमोर कोरा पडदा येणार होता. त्याला सांगणारं कोणी नव्हतं, कारण तो कोण हे फक्त तुम्हाला ठाऊक असणार, नाहीतर तुम्ही चहाला उठला नसतात. मला तुमचा फार राग आला. नुसतं नाव सांगून गेला असतात तर काय बिघडलं असतं? रडायचं ते त्या रागातच रडून झालं.

मग मी पाटी काढली. तुमचीच, तुमच्याच शब्दांत, फक्त जुन्या ब्राउझरवर येणाऱ्याला दिसेल अशी. शेवटच्या दोन शब्दांशी आले आणि थांबले. ‘आम्ही’ आता खोटं होतं. ‘मी येते’ असं लिहिलं, खाली माझा नंबर टाकला आणि सोडून दिलं. आधी अकोल्याला जाऊन, भाभींकडून दुकानाची किल्ली घेऊन, सासूबाईंना दाखवून आले, हे मुद्दाम नोंदवते.

दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी फोन वाजला.

“अवो ताई, धामनगाववरून बोलते. आमच्या मशीनवर लिवून आलं, मशीन जुनी झाली म्हनून. आमचे हे तीन दिवसापासून तेच वाचून राहिले, धड जेवत नाई. म्हनतात हे नईमचं बोलनं हाये. पन त्यायचा फोन बंद येऊन राहिला. भाऊ बरे हायेत ना?”

त्यांना माहीतच नव्हतं, नईमभाई. फोनवर सांगणं मला जमलं नाही. येते म्हणाले आणि तशीच निघाले.

धामणगाव रेल्वेला स्टेशनपासून जवळच घर, पुढच्या खोलीत प्रेस. वसंतरावांचं नाव मला जुन्या ऑर्डरींमधून ठाऊक होतं, पण काही वर्षांपासून ते येणं थांबलं होतं. मला वाटलं होतं, प्रेस बंद पडला. उजवी बाजू लुळी पडली म्हणून काम थांबलं हे तिथे गेल्यावर कळलं. खिडकीखाली मशीन, समोर काटक अंगाचे, पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ खुर्चीत, डावा हात माऊसवर, आणि पडद्यावर आपलं पान. फोन करणाऱ्या शोभाताई त्यांच्या मागे उभ्या. मी बसले आणि सांगितलं. कसं झालं, कधी झालं, जेवढं मला भाभींकडून कळलं होतं तेवढं. शोभाताईंनी तोंडाला पदर लावला. वसंतराव माऊस हलवत राहिले, पत्रिका खालून वर, वरून खाली.

मग बोलायला लागले. शब्द जरा अडखळत येतात, पण कळतात. तुम्ही दोघं तरुणपणी अकोल्याच्या एकाच प्रेसमध्ये खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायला होतात. तुम्ही मला कधी हे सांगितलं नाहीत! आजारपणात ते कोणाला भेटत नसत, कोणी विचारपूस करायला आलं की चिडत. तुम्ही तेवढे दर महिन्याला गाडीने यायचात, मशीन दुरुस्त करायला.

“खराब काई नोती होत,” वसंतराव म्हणाले. “कधी माऊस पुसे. कधी मांगची वायर काढे न् लावे. मंग दिवसभर बसे.”

“आणि रोज हे पान का पाहता?”

“तो म्हने, पाहून ठेव, कोनती पत्रिका बेकार दिसते ते सांगजो. मी सांगो. तो हटवे.”

म्हणजे अधूनमधून तुम्ही जे नमुने काढून टाकायला लावायचात आणि कारण सांगायचा नाहीत, ते धामणगावचं काम होतं. यावर स्वतंत्र भांडण करता आलं असतं. मी विचारलं, “मग इतक्या वर्षांत नवीन मशीन का नाही घेतली?”

वसंतरावांनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. “तुमीच काय अमरावतीच्या बाई?”

“हो.”

“तो तर दर खेपेले म्हने. वसंता, नवीन घे. अमरावतीची बाई बरोबर बोलते, मी तिच्यासंग फुकट भांडतो. मी म्हनो, नवीन घेतली तर तू कायच्यासाठी येशीन?”

“मग ते काय म्हणायचे?”

“हासे. म्हने, ठीक हाये, अजून एक महिना भांडतो.”

शोभाताई चहा करायला आत गेल्या. वसंतरावांनी डाव्या हाताने पान बंद केलं, चौकटीच्या कोपऱ्यातल्या फुलीवर बाण नेऊन, सावकाश. म्हणाले, करा तुमी बंद आता, सून फोनवर दाखवून देईल. पुढच्या महिन्यात मी परत धामणगावला जाणार आहे. दुरुस्त करायला काहीच नाही, त्यामुळे कारण अजून सापडलेलं नाही, पण सापडेल. बेकार पत्रिका कोणत्या ते विचारायला तरी कोणीतरी जायलाच हवं.

पण त्या दिवशी निघायच्या आधी मी दारातून परत वळले. वसंतरावांना म्हटलं, ते नेमकं काय म्हणायचे, मघाचं, परत सांगता का? त्यांनी सांगितलं, जरा हळू, एकेक शब्द. बाई बरोबर बोलते. मी त्यांना अजून एकदा सांगायला लावलं.